'मृत्योर्मुक्षीय मामृतात्': यातला 'मा' म्हणजे 'मला' की 'नको'?

संशयात्मा

दोन मंत्र शेजारी ठेवून पाहा.

असतो मा सद्गमय । तमसो मा ज्योतिर्गमय । मृत्योर्मामृतं गमय ।

त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पुष्टिवर्धनम् । उर्वारुकमिव बन्धनान्मृत्योर्मुक्षीय मामृतात् ॥

पहिला बृहदारण्यक उपनिषदातला, दुसरा ऋग्वेदातला (७.५९.१२), म्हणजे महामृत्युंजय मंत्र. दोन्हीत मृत्यू आहे, दोन्हीत 'मामृत' आहे. पहिल्याचा अर्थ सगळीकडे एकच मिळतो: मला मृत्यूकडून अमृताकडे ने. दुसऱ्याचे मात्र तीन प्रकार वाचले. एका पोथीत 'मृत्यूपासून सुटावं, अमृतापासून नको'. दुसरीत 'मृत्यूतून मला अमृताकडे ने', म्हणजे उपनिषदाचंच भाषांतर उचलून इथे चिकटवलंय. आणि फिरत फिरत आलेल्या एका मेसेजमध्ये 'माम् ऋतात्' असं फोडून पुढे ऋत (विश्वाचा नियम) या संकल्पनेवर लांबलचक निबंध.

शाळेतलं संस्कृत आहे, विभक्ती ओळखता येतात. पण मंत्र समोर आला की शब्द कुठे संपतो आणि कुठे सुरू होतो तेच कळत नाही. जाणकारांनी यावर लिहावं. बाकीच्यांनीही आपापले अडलेले शब्द टाकावेत. कंपनं, ऊर्जा वगैरे कृपया दुसऱ्या धाग्यावर. इथे फक्त शब्द.

रिकामटेकडा

म्हणजे लोक इतकी वर्षं रोज १०८ वेळा 'मला अमृतापासून सोडव' म्हणतायत की काय? पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

पदपाठी

सुरुवात 'मा'पासून करू नका, क्रियापदापासून करा.

'मुक्षीय' हे मुच् धातूचं आत्मनेपदी रूप आहे, संस्कृत व्याकरणात ज्याला उत्तम पुरुष म्हणतात त्याचं एकवचन. अर्थ 'मी सुटावं, मी सुटो'. कर्ता 'मी' आहे आणि तो क्रियापदातच बसलाय. 'सोडव' असं इथे कुणाला सांगितलेलंच नाही. त्यामुळे 'मला' या कर्माला वाक्यात जागाच उरत नाही. उपनिषदात उलट आहे: 'गमय' म्हणजे 'ने' ही आज्ञा आहे, कुणाला न्यायचं ते सांगायला हवंच, म्हणून तिथला मा म्हणजे माम्, मला.

आता 'अमृतात्'. ही पंचमी. 'अमृताकडे' म्हणायचं असतं तर उपनिषदासारखी द्वितीया आली असती, 'अमृताने' म्हणायचं असतं तर 'अमृतेन'. पंचमीचा साधा अर्थ 'पासून'. तेव्हा 'मृत्योः मुक्षीय, मा अमृतात्' : मृत्यूपासून सुटावं, अमृतापासून नको. 'माम् ऋतात्' ऐकायला तंतोतंत तसंच येतं हे खरं, पण त्यातलं 'माम्' पुन्हा लोंबकळत राहतं. शिवाय ऋतापासून सुटका मागणारा ऋषी मला तरी माहीत नाही.

तिसरा पुरावा स्वरांचा, म्हणजे अक्षर कोणत्या सुरात म्हणायचं त्याचा: उदात्त म्हणजे उंच, अनुदात्त म्हणजे खालचा, स्वरित म्हणजे उदात्तानंतर उतरता. स्वरांसकट छापलेली प्रत उघडा. ऋग्वेदाच्या छपाईत अनुदात्ताखाली आडवी रेघ असते, स्वरिताच्या डोक्यावर उभी, उदात्त कोरा असतो. 'मला' या अर्थाचा तोकडा 'मा' नेहमी अनुदात्त, 'नको' या अर्थाचा मा उदात्त. या ऋचेत 'मुक्षीय'मधल्या 'य'खाली रेघ आहे आणि 'मा' कोरा आहे. म्हणजे उदात्त, म्हणजे 'नको'. ज्यांनी ही ऋचा जपली त्यांनी अर्थाची किल्लीही जपून ठेवली होती, आपल्या छोट्या पोथ्या स्वर गाळून छापतात म्हणून ती दिसत नाही.

मनवा

मस्त! पण मग थेट पदपाठच पाहिला तर? तुमचं नावच पदपाठी आहे :) शाकल्याने प्रत्येक ऋचेचे शब्द सुटे करून ठेवलेत ना, वाद मिटला.

पदपाठी

तिथेच तर गोम आहे. ऋग्वेदात दहा हजारांवर ऋचा आहेत आणि त्यांतल्या फक्त ६ ऋचांना शाकल्याचा पदपाठ नाही: ७.५९.१२, १०.२०.१, १०.१२१.१० आणि १०.१९० या सूक्ताच्या तिन्ही ऋचा. पहिला आकडा वर संशयात्म्याने दिलाय तोच. सगळ्यात जास्त म्हटल्या जाणाऱ्या ऋचांपैकी एक, आणि नेमका तिलाच पदपाठ नाही. शाकल्याने या ऋचा आपल्या संहितेतल्या मानल्या नसाव्यात असा तर्क केला जातो.

संशयात्मा

हे भारीच आहे. म्हणजे नुसत्या ऋग्वेदावर थांबलो तर 'मा' सुटा आहे असं सांगणारा साक्षीदार फक्त स्वर?

पदपाठी

नाही, याहून चांगला साक्षीदार यजुर्वेदात आहे. हा मंत्र मुळात साकमेध नावाच्या यागातल्या त्र्यंबक होमात येतो. वाजसनेयी संहितेत (३.६०) तो आहेच, आणि त्याला लागून त्याचं जुळं भावंडही आहे, घरातल्या कुमारिकांनी म्हणायचं:

त्र्यम्बकं यजामहे सुगन्धिं पतिवेदनम् । उर्वारुकमिव बन्धनादितो मुक्षीय मामुतः ॥

'पुष्टिवर्धन'च्या जागी 'पतिवेदन', म्हणजे पती मिळवून देणारा. 'मृत्योः'च्या जागी 'इतः', इथून. 'अमृतात्'च्या जागी 'अमुतः', तिथून. इथून (माहेरातून) सुटावं, तिथून (सासरहून) नको. इथे 'मा' चा अर्थ 'मला' घेऊन वाक्य लावून दाखवा. लागत नाही. साचा एकच आहे, तेव्हा मूळ मंत्रातही तेच.

मनवा

अंगावर काटा आला. मृत्यूचा मंत्र म्हणून जो ओळखतो त्याचं जुळं लग्नाच्या इच्छेचं!

शेंदाड

माझ्या नावाला जागून उर्वारुकाबद्दल बोलतो. पोथ्यांमध्ये सरळ 'काकडी' छापतात. पण काकडी पिकून पिवळी पडली तरी देठ सोडत नाही, तोडावी लागते. त्याच कुळातलं खरबूज मात्र पूर्ण पिकलं की देठाच्या टोकाशी स्वतःहून सुटतं, हात लावला तरी हातात येतं. मंत्रातलं वर्णन या दुसऱ्या प्रकाराला लागू पडतं. आणि 'बन्धन' म्हणजे इथे संसाराचे पाश वगैरे नंतर. आधी साधा देठ. फळ जिथे वेलीला बांधलेलं असतं ती जागा. 'उर्वारुकाप्रमाणे' असं म्हणून झाल्यावर 'बंधनातून' हे वेगळं तोडून वाचलं की उपमा अर्धी राहते.

रिकामटेकडा

शेंदाड यांना या धाग्यापुरतं वेलवर्गीय सल्लागार नेमावं. +१

जुनाजाणता

चर्चा चांगली चालली आहे, पण एक सांगतो. मी घरी संथा घेतली आहे. संथेच्या वेळी अर्थ विचारला की गुरुजी म्हणत, आधी पाठ होऊ दे. मंत्राचं बळ उच्चारात आहे. त्वष्ट्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असेलच. इंद्राला मारणारा मुलगा हवा म्हणून 'इन्द्रशत्रुर्वर्धस्व' म्हणत आहुती दिली आणि स्वर चुकला, अर्थ उलटला, वृत्रच इंद्राच्या हातून मेला. अर्थ त्याला काय कमी ठाऊक होता? तरी फळ स्वराप्रमाणेच मिळालं. तेव्हा आधी स्वर, मग वर्ण, अर्थ सावकाश.

संशयात्मा

जुनाजाणता, आदर राखून विचारतो. त्या गोष्टीत नक्की काय बिघडलं? 'इन्द्रशत्रु' शेवटच्या अक्षरावर उदात्त ठेवून म्हटलं तर तत्पुरुष: इंद्राचा शत्रू, त्याला मारणारा. पहिल्या अक्षरावर ठेवलं तर बहुव्रीहि: इंद्र ज्याचा शत्रू आहे तो. म्हणजे स्वर बदलला म्हणून समास बदलला आणि समास बदलला म्हणून अर्थ बदलला. शब्दाला अर्थच नसता तर स्वर चुकून काय बिघडणार होतं? ही गोष्ट मला उलट माझ्याच बाजूची वाटते.

पदपाठी

हा वाद यास्काइतका, म्हणजे वैदिक शब्दांच्या अर्थावर 'निरुक्त' हा ग्रंथ लिहिणाऱ्याइतका जुना आहे. निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात कौत्स नावाचा आक्षेपक येतो आणि सरळ म्हणतो, 'अनर्थका हि मन्त्राः', मंत्रांना अर्थच नसतो. त्याची कारणंही ऐकण्यासारखी आहेत. मंत्रातले शब्द बदलता येत नाहीत, क्रम बदलता येत नाही. पशूवर शस्त्र चालवताना म्हणायचं 'स्वधिते मैनं हिंसीः', हे कुऱ्हाडी, याला इजा करू नकोस! (मा + एनम्, तोच 'नको'वाला मा.) एकीकडे रुद्र एकच, दुसरा नाही, आणि दुसरीकडे असंख्य हजार रुद्र. 'अम्यक्', 'काणुका' यांचा अर्थ तर कुणालाच नीट लागत नाही.

यास्क एकेक मुद्दा घेतो. शब्द तेच आहेत जे आपण बोलताना वापरतो, मग मंत्रात गेल्यावर त्यांचा अर्थ कुठे जाईल? ठरलेला क्रम व्यवहारातही असतो, 'पितापुत्रौ' कुणी उलटं म्हणत नाही. आणि शेवटी तो टोला: आंधळ्याला खांब दिसला नाही तर तो खांबाचा दोष नव्हे. पुढे एक जुनं वचनही देतो, वेद पाठ करून अर्थ न जाणणारा म्हणजे भार वाहणारा खांब.

मला कौत्सही आवडतो. त्याचे प्रश्न यास्काने गाळले नाहीत, ग्रंथात ठेवून मग उत्तरं दिली.

जुनाजाणता

खांब तर खांब. पण या खांबांनीच स्वर टिकवले म्हणून तुम्हाला आज 'मा' उदात्त की अनुदात्त ते सांगता येतंय, एवढं ध्यानात असू द्या.

संशयात्मा

मान्य. यावर बोलायला जागाच नाही.

मनवा

माझा अडलेला: सह नाववतु । सह नौ भुनक्तु । सह वीर्यं करवावहै । तेजस्विनावधीतमस्तु मा विद्विषावहै । मुलं हे म्हणताना 'नाव' म्हणजे होडी समजतात आणि जेवणाआधी म्हणतात म्हणून 'भुनक्तु' म्हणजे जेवू घालो. खरं काय?

पदपाठी

होडी नाही. नौ + अवतु. 'नौ' म्हणजे 'आम्हा दोघांना'. संस्कृतातलं द्विवचन, मराठीने ते टाकून दिलं म्हणून आपल्या कानाला लागत नाही. सगळा मंत्र दोघांचा आहे, शिकवणारा आणि शिकणारा: 'करवावहै' आपण दोघं करू, 'विद्विषावहै' आपण दोघं द्वेष करू. समूहाने म्हणताना सगळे 'आम्हा सर्वांचं रक्षण करो' असं सांगतात, ते भावार्थ म्हणून चालेल, पण मूळ फार जवळचं, दोघांतलं आहे. गुरू आणि शिष्य यांच्यात द्वेष येऊ शकतो हे ओळखून अभ्यासाच्या सुरुवातीलाच तो टाळण्याची प्रार्थना करणं मला तरी विलक्षण वाटतं.

'भुनक्तु'चा प्रश्न खरोखर अवघड आहे. पाणिनीचं सूत्र आहे 'भुजोऽनवने' (१.३.६६): रक्षण सोडून दुसरा अर्थ असेल तर भुज् आत्मनेपदी चालवायचा. म्हणून जेवतो तो 'भुङ्क्ते', राजा पृथ्वीचं पालन करतो तो 'भुनक्ति'. त्या हिशोबाने 'भुनक्तु' म्हणजे पालन करो. पण शांकरभाष्यात कठोपनिषदाच्या शेवटी 'पालयतु' आहे आणि तैत्तिरीयात 'भोजयतु'! तेव्हा जेवू घालणाऱ्यांनाही अगदी मोडीत काढू नका.

'तेजस्विनावधीतम्'चंही तसंच. 'तेजस्वि नौ अधीतम्' फोडलं तर 'आपल्या दोघांचं अध्ययन तेजस्वी असो'. 'तेजस्विनौ' एकत्र घेतलं तर तेजस्वी आपण दोघं झालो. मला पहिलं सरळ वाटतं.

आणि शेवटचा मा 'नको'वाला. स्वर छापलेले नसतील तर ओळखायची एक खूण: 'मला' या अर्थाचा तोकडा 'मा' वाक्याच्या किंवा चरणाच्या आरंभी कधीच येत नाही, त्याला आधी टेकायला शब्द लागतो. 'मा विद्विषावहै', गीतेतलं 'मा फलेषु', 'मा शुचः' हे सगळे आरंभी येतात, म्हणून 'नको'. 'असतो मा'मध्ये आधी 'असतः' आहे. खूण एकाच दिशेने चालते हं. मध्ये आलेला 'मा' दोन्हीपैकी काहीही असू शकतो, तिथे क्रियापद पाहावं लागतं.

शेंदाड

मंत्रपुष्पांजली घ्या कुणीतरी. आरतीनंतर सगळ्यात जोरात आणि सगळ्यात कमी कळून म्हटली जाते. 'तेहनाकं महिमानः', 'एकराळिति'. हे 'एकराळिति' काय प्रकरण आहे?

पदपाठी

'ते ह नाकम्'. ते, म्हणजे ते महिमावंत देव. 'ह' नुसता जोर देणारा. 'नाक' म्हणजे स्वर्ग, चेहऱ्यावरचं नव्हे. यास्क सांगतो: 'क' म्हणजे सुख, 'अक' म्हणजे सुख नाही ते, आणि 'नाक' म्हणजे जिथे अक नाही ते. दोन नकार मिळून स्वर्ग. 'सचन्त' म्हणजे जाऊन मिळाले.

'एकराळिति' = एकराट् + इति. ट् चा स्वरापुढे ड् होतो, आणि ऋग्वेदी परंपरेत दोन स्वरांच्या मधल्या ड चा ळ होतो. 'अग्निमीळे'मधला ळ तोच, इतरत्र तो 'ईडे' दिसतो. हा भाग ऐतरेय ब्राह्मणातला, ते ऋग्वेदाचं ब्राह्मण, म्हणून ळ. एकराट् म्हणजे एकमेव राजा. साम्राज्य, भौज्य, स्वाराज्य ही यादी राजाच्या ऐंद्र महाभिषेकातली आहे, देवाच्या आरतीशी तिचा मूळचा संबंध नाही.

शेवटचा श्लोक तर वाचून हसू येतं. 'मरुतः परिवेष्टारो मरुत्तस्यावसन् गृहे'. मरुत् हे देव, मरुत्त हा अविक्षिताचा मुलगा, राजा. एका त चा फरक. मरुत् देव मरुत्ताच्या घरी परिवेष्टे म्हणून राहिले. परिवेष्टा म्हणजे वाढपी! आणि विश्वेदेव त्याचे सभासद.

रिकामटेकडा

देव वाढपी?? आता आरतीत हसू आलं तर जबाबदारी पदपाठींची.

संशयात्मा

'सार्वायुष आन्तादापरार्धात्' इथे मला पंचमी दिसतेय, पण 'अंतापासून, परार्धापासून' असा अर्थ बसत नाही.

पदपाठी

छान पकडलंत. फोड अशी: आ अन्तात्, आ परार्धात्. 'आ' आणि पंचमी मिळून 'पर्यंत'. अंतापर्यंत, परार्धापर्यंत. आणि आता मागे जा: काही टीकाकार 'मामृतात्'चीही फोड 'मा आ अमृतात्' अशी करतात, अमृतत्वापर्यंत मला सोडव. म्हणजे 'मला' म्हणणाऱ्या पोथ्या अगदीच हवेत नाहीत, त्यांच्यामागे ही वाट आहे. मला ती पटत नाही. 'मुक्षीय'चा 'सोडव' करावा लागतो, स्वराकडे कानाडोळा करावा लागतो, आणि कुमारिकांचा मंत्र मग काहीच बोलत नाही. पण फोड अशक्य नव्हे.

तिथेच पुढे 'पृथिव्यै समुद्रपर्यन्तायाः' येतं. 'पृथिव्यै' चतुर्थी दिसते, पण ब्राह्मणग्रंथांत स्त्रीलिंगी शब्दांची षष्ठीही अशी होते. समुद्रापर्यंतच्या पृथ्वीचा एकराट्.

मनवा

गायत्रीबद्दल थोडं? 'धियो यो नः'मधला न म्हणजे नाही, असं कुणी ठोकून दिलं होतं.

पदपाठी

विसर्ग पाहा. 'नः' म्हणजे आमच्या. यः नः धियः प्रचोदयात्: जो आमच्या बुद्धींना प्रेरणा देवो. 'धियः' अनेकवचन आहे, कर्म आहे. 'प्रचोदयात्' हा लेट् लकार (इच्छा किंवा शक्यता दाखवणारं जुनं क्रियारूप), वेदाबाहेर सापडत नाही, म्हणून शाळेच्या तक्त्यात शोधू नका. 'धीमहि'चा अर्थ परंपरेने 'ध्यान करतो', भाषाशास्त्री तो धा धातूकडे नेऊन 'प्राप्त करून घेऊ' असा करतात. दोन्ही वाचा. आणि मोजून पाहा, २४ ऐवजी २३ अक्षरं भरतात. 'वरेण्यं'चं 'वरेणियं' केलं की २४.

जुनाजाणता

अथर्वशीर्षात एक गफलत नेहमी ऐकू येते. 'अनूचानमवशिष्यम्' एका दमात. ते 'अनूचानम् अव शिष्यम्' आहे. तिथला प्रत्येक 'अव' म्हणजे 'रक्षण कर': अव वक्तारम्, अव श्रोतारम्. 'अव पश्चात्तात्' म्हणजे मागून रक्षण कर. पश्चात्तापाशी त्याचा संबंध नाही, हे एका व्याख्यानात ऐकावं लागलं म्हणून सांगतो.

संशयात्मा

जुनाजाणता, तुम्ही अर्थ सांगितलात :) आता शेवटचा व्यावहारिक प्रश्न. मृत्युंजय म्हणताना 'मामृतात्' तोडून म्हणायचं का? 'मा... अमृतात्'?

जुनाजाणता

नाही. संहितेत जसं आहे तसंच, 'मामृतात्'. तोडलं तर अक्षर वाढतं, छंद मोडतो. श्वास घ्यायचा असेल तर 'बन्धनान्'नंतर घ्या, चरण तिथे संपतो. 'मृत्योर्मुक्षीय मामृतात्' हा पुढचा चरण सलग.

पदपाठी

सहमत. आणि पोथी विकत घेताना 'माऽमृतात्' असं अवग्रह देऊन छापलेली मिळाली तर ती घ्या. म्हणताना काहीच बदलत नाही, पण मा नंतरचा अ डोळ्यांना दिसतो.